छतावरची पातेली

त्या शनिवारी स्वयंपाकघरातला दिवा पुन्हा गेला. गॅसच्या बरोबर वरचा. आई शिऱ्यासाठी रवा भाजत होती. हातातलं उलथनं न थांबवता तिनं हॉलकडे तोंड करून हाक मारली, "अहो, गेला हो तुमचा दिवा!"

बाबा शिडी घेऊन आले. लीड्सच्या आमच्या घरात हा कार्यक्रम महिन्या-दीड महिन्याला व्हायचाच. घर एकमजली, त्यामुळे सगळ्या खोल्यांवर थेट लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा. स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा बाबांनी छतातच बसणारे सहा हॅलोजनचे डाउनलाइट हौसेनं लावून घेतले होते, आणि त्यांचे बल्ब काही केल्या टिकत नसत. बाबांच्या खणात बल्बची खोकी औषधांसारखी रचून ठेवलेली असत.

"या घरात दिवे तेवढे टिकत नाहीत," आई म्हणाली. "थंडी बघ कशी मुक्कामाला असते. इथं ओट्याशी उभं राहिलं ना कस्तु, की डोक्यावर वारा येतो. वरून कुणीतरी फुंकर घालत बसल्यासारखा."

"टोपी घाल," बाबा शिडीवरून म्हणाले.

"ऐकलंस? जन्मभर पेशंटांना झोपवलं. जागं माणूस समोर आलं की यांना इतकंच सुचतं."

बाबा भूलतज्ज्ञ होते. बोलणारे पेशंट नकोत म्हणूनच त्यांनी ती शाखा घेतली, हा आईचा जुना विनोद. बाबा दर वेळी अर्धवट हसत. त्या दिवशीही हसले.

मग शिरा पातेल्यात मावेना, तशी ती ठरलेल्या विषयावर आली. "माझी मोठी पातेली असती तर ही वेळ आली नसती." लग्नात मिळालेली, एकात एक बसणारी सहा स्टीलची पातेली तिनं पुण्याहून आणली होती. प्रत्येकावर भांडीवाल्याकडून ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलेलं. एका वर्षी ती इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दिली होती. त्यानंतर आई पुण्याला जाऊन आली, आणि परत येऊन बघते तर पातेली घरात नाहीत. मंडळाचं स्वयंपाकघर तेव्हा सुचेतामावशी सांभाळायची. आईची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण.

"सुचेताकडेच आहेत," आई म्हणाली. "परत आलीच नाहीत ती."

"आई, तू त्यांच्या घरी जाऊन भांडी उलटी करून नावं वाचली आहेस."

"मग काय, समोर ठेवेल का ती?"

बाबांनी शिडी मिटली आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले.

संध्याकाळच्या ट्रेननं मी ग्लासगोला परतले. पोचल्यावर फोन केला. बाबांनी उचलला. "पोचलीस? बरं. थांब, आईला देतो." मग आई भरपूर बोलली: शिरा गोड झाला होता का, शेजाऱ्यांचं मांजर पुन्हा कुंडीत बसलं होतं, मी जाड मोजे का घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. स्ट्रोक होता. अँब्युलन्स हॉस्पिटलला पोचायच्या आत ती गेली.

*

सप्टेंबरात बाबांना छातीचा संसर्ग झाला. ते शहात्तर वर्षांचे आहेत. माझा भाऊ अंबरीश रीडिंगहून येऊन गेला, कोट अंगातून न काढता सोफ्यावर बसला आणि निकाल देऊन मोकळा झाला. हिवाळ्याआधी घर गरम झालं तर ठीक, नाहीतर घर विकायचं आणि बाबांनी त्याच्याकडे राहायला यायचं.

"बाबा, चालेल ना?" त्यानं विचारलं.

"बघू," बाबा म्हणाले.

अंबरीशनं त्याचा अर्थ हो असा घेतला. तो गेल्यावर मला खिडकीतून दिसलं, बाबा स्कार्फ गुंडाळून बागेत गुडघ्यांवर बसले होते आणि ट्युलिपचे कंद पुरत होते. ट्युलिप एप्रिलमध्ये येतात. त्यांना कुठं राहायचं आहे ते मला त्यावरून कळलं. तोंडानं सांगणार नव्हतेच.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. ऑक्टोबरात एक आठवडा रजा घेतली आणि लॉफ्टमध्ये नवीन इन्सुलेशन टाकून घ्यायचं ठरवलं. इतकी साधी गोष्ट. फोन करायचा, माणसं येतील, घराची ऊब धरून ठेवणाऱ्या, काचतंतूंच्या लोकरीच्या जाड गाद्या पसरतील, जातील.

सोमवारी एक माणूस पाहणीला आला. लॉफ्टच्या झाकणातून त्यानं डोकं आणि टॉर्च वर घातला, आणि मी चहाचं पाणी ठेवेपर्यंत खाली उतरला.

"जमणार नाही," तो म्हणाला. "खाली हॅलोजन आहेत. ते भयंकर तापतात, त्यांच्यावर लोकर टाकता येत नाही. शिवाय त्यांच्यावर कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलंय. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, दिवे बदलून घ्या, मग आम्हाला बोलवा."

"मग तुम्ही कधी याल?"

"आता जानेवारीच धरा."

जानेवारी. मी त्याच्यासाठी ठेवलेला चहा स्वतःच प्यायले.

"बाबा, दिव्यांवर काय झाकलंय?"

बाबा पेपर वाचत होते. "काही नाही. जुनं आहे."

"जुनं काय?"

"लोकर दिव्याला लागू नये म्हणून व्यवस्था केलेली आहे. मी केलेली आहे."

"कसली व्यवस्था?"

"कस्तु, इतकी वर्षं काही झालं नाही ना?" आणि पेपरचं पान उलटलं.

आई असती तर या पेपराला मध्येच टिचकी मारून म्हणाली असती, अहो, ती काय विचारतेय. मला ते जमत नाही. मी माझ्या खोलीत जाऊन इलेक्ट्रिशियनना फोन करत बसले. दोघांनी उचलला नाही. तिसऱ्याचं नाव डीन. तो गुरुवारी येतो म्हणाला, पण आधी दिव्यांचे वरच्या बाजूनं फोटो काढून पाठवा.

"बाबा, शिडी कुठंय?"

"शेजारी नेलीय."

मी शेजारी गेले. शेजारची बाई दारात उभी राहून गोंधळली. शिडी? तिच्या नवऱ्याला गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर शिडीचं नाव काढायलाही बंदी होती. परत येताना मी बागेतल्या शेडच्या मागे बघितलं. ताडपत्रीखाली, वर दोन कुंड्या ठेवून, शिडी आडवी झोपवलेली. छातीचा संसर्ग झालेला शहात्तर वर्षांचा माणूस थंडीत बाहेर जाऊन शिडी लपवतो! राग यावा की हसू, ते मला ठरवता येईना. राग जास्त आला. मी ती खडखडत, मुद्दाम आवाज करत घरात आणली. बाबांनी मान वर केली नाही.

फ्यूजबॉक्समधून दिव्यांचं सर्किट बंद केलं, मास्क आणि हातमोजे चढवले आणि वर गेले. लॉफ्टमध्ये फक्त लाकडी तुळयांवर पाय ठेवायचा असतो. मधे पाय पडला तर तो छतातून थेट खालच्या खोलीत. मी गुडघ्यांवर, एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर, टॉर्च एका हातात धरून सरकत राहिले. जुनी लोकर पिवळी, दबून पोळीएवढी पातळ झालेली. स्वयंपाकघराच्या वर पोचले आणि टॉर्चचा उजेड कशावर तरी चमकला.

सहा पातेली. पालथी. एकेका दिव्यावर एकेक, आणि त्यांच्या कडेला कडेला लोकर नीट कापून बसवलेली. काम सुबक होतं. बाबांचं काम सुबकच असतं.

सगळ्यात जवळच्या पातेल्यावरची धूळ मी हातमोज्यानं पुसली. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. *चि. सौ. कां. सुलक्षणा हिस विवाहप्रीत्यर्थ, आत्याकडून.*

पातेल्याच्या तळाला ड्रिलनं पाडलेली भोकं होती. उष्णता बाहेर जावी म्हणून. कडा तशाच खरबरीत सोडलेल्या. मी पातेलं उचललं. खालची लाकडी पट्टी तपकिरी पडली होती, आणि वायरचं वेष्टण मी बोट लावताच कुरकुरून सुटलं. दिवा छतात बसवण्यासाठी कापलेलं भोक दिव्यापेक्षा थोडं मोठं होतं. त्या फटीतून मला खाली आमचा गॅस दिसला. आणि वरून, छपराच्या कडेनं आत येणारा गार वारा माझ्या मानेवरून गेला, पातेल्याच्या जागेवरून खाली फटीत शिरला.

आई जिथं उभी राहायची, तिथंच.

*

पातेलं मी टेबलावर, पेपराच्या मधोमध ठेवलं.

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं.

"हिला धूळ चालायची नाही," ते म्हणाले.

"बाबा!"

"ती पुण्याला गेली होती. मी वर लोकर घातली. लोकर दिव्यापासून लांब ठेवायची, इतकं वाचलं होतं. मंडळातून परत आलेली ही गॅरेजमध्ये पडली होती. मला वाटलं, तिला नको असतील."

"मग विचारायचं तरी."

"फोनवर काय पातेल्यांचं विचारायचं? आल्यावर सांगणार होतो. आली त्या दिवशी दमली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत तिनं सुचेताला फोन करून नाही नाही ते बोलून टाकलं होतं. मग कसं सांगायचं? आणि परत तरी कशी द्यायची? ही भोकं बघ ना."

"भोकांची पातेली परत दिली असती तर ती दोन दिवस ओरडली असती. सुचेतामावशी तिच्याशी शेवटपर्यंत धड बोलली नाही, बाबा. क्रिमॅटोरियममध्ये सगळ्यात मागे उभी होती. आमच्याजवळ आलीसुद्धा नाही."

"बघितलं मी."

"आणि तुम्ही दर महिन्याला बल्ब बदलत राहिलात! हे वर होतं म्हणूनच जात होते ना ते? कोंडून, तापून? घर पेटलं असतं!"

"पेटलं नाही पण."

"आई म्हणायची डोक्यावर वारा येतो. तुम्ही म्हणालात टोपी घाल."

त्यांनी चष्म्याची काडी मिटली. मग पातेल्याकडे बघत म्हणाले, "घरात बोलायचं खातं तिचं होतं, कस्तु. मला सवय नाही."

"तुम्ही सुचेतामावशीला सांगा. आजच."

"तू करशील का फोन?"

"मी नाही करणार. तुम्ही करा."

"बघू," ते म्हणाले, आणि मी खोलीतून उठून गेले, कारण मी पुढे काय बोलले असते याची मलाच खात्री नव्हती. माझ्या खोलीत जाऊनही ते मी स्वतःशीसुद्धा बोलले नाही. रागाला एक फायदा असतो, त्याच्या मागे बाकीचं सगळं झाकलं जातं. नंतर लक्षात आलं की आईशिवाय आम्ही दोघं एवढं सलग पहिल्यांदाच बोललो होतो.

बुधवारी आम्ही दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. मी दिव्यांवर बसवायच्या अग्निरोधक टोप्या मागवल्या होत्या त्या आल्या, आणि उंचीला कमी निघाल्या. परत केल्या, मोठ्या मागवल्या. अंबरीशनं व्हिडिओ कॉल करून मला लॉफ्टची आकृती काढून दाखवली.

"ताई, सिम्पल आहे. सगळे दिवे काढून टाक, छत बंद कर, मधे एक ट्यूबलाइट लाव."

"तू ये आणि लाव."

"या वीकला इम्पॉसिबल आहे. आणि एनिवे, घर विकायचंच असेल तर एवढा खटाटोप कशाला?"

पातेल्यांचं मी त्याला सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या कडेला बाबा उभे होते. अंबरीशच्या त्या वाक्यावर ते हळूच निघून गेले.

डीन गुरुवारी आला. सकाळी येणार होता, जेवणानंतर आला आणि आधी बिस्किटं आहेत का विचारलं. वर जाऊन त्यानं एक शिट्टी वाजवली. "हे कुणी केलं?" बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "कल्पना वाईट नव्हती," डीन म्हणाला, "फक्त स्टीलखाली दिवा शिजतो." त्यानं वायरचे जळके तुकडे कापून नवीन टाकले, आणि हॅलोजनच्या जागी बंद बैठकीचे एलईडी बसवले, ज्यांच्या खोक्यावर वरून इन्सुलेशन चालेल असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही टोप्या बसवाच, तो म्हणाला, आणि वायर लोकरीखाली गाडू नका, वर मोकळी राहू द्या. दाबली की तीही तापते. छपराच्या कडेला लोकर कोंबू नका, तिथून हवा खेळती राहायला हवी. इतकं सांगून तो गेला, आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर आमच्या ओट्यावर राहिला.

जानेवारीपर्यंत थांबायचं नाही, हे मी ठरवलं होतं. लोकरीच्या गुंडाळ्या मी स्वतः मागवल्या. शुक्रवारी सकाळी मोठ्या टोप्यांसकट त्या हॉलमध्ये येऊन पडल्या तेव्हा हॉलमधून चालायला जागा उरली नाही.

मी खाली आले तर बाबा सिंकपाशी उभे. डीननं खाली आणलेली पातेली ते घासत होते. राखेसारखी काजळी निघून स्टील वर येत होतं. घासलेली पाच त्यांनी ओट्यावर पाणी निथळायला पालथी घातली होती; भोकांमुळे त्यांत ते नाहीतरी राहणार नव्हतं. सहावं हातात होतं.

"सुचेताकडे नेऊ म्हणतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दाखवायला. उद्या. तू येशील?"

"येईन. पण मी बोलणार नाही."

"नको बोलूस. गाडी चालव."

*

ते काम वाईट आहे. लोकर कापताना उडते. ती मनगटांत, मानेत, मोज्यांत जाऊन खाजवते. मास्कमध्ये चष्म्यावर वाफ धरते. आधी तुळयांच्या मधे एक थर, मग वरून आडवा दुसरा. प्रत्येक दिव्यावर टोपी ठेवायची, तिची कड छताला सीलंटनं चिकटवायची, म्हणजे स्वयंपाकघरातली वाफ वर येत नाही आणि वरचा वारा खाली जात नाही. मग टोपीभोवती लोकर. आणि वायर वर. मी चुकून दोनदा वायर गाडली आणि दोन्ही वेळा सगळं उचकटून पुन्हा केलं. एकदा तुळई चुकली, गुडघा छतावर टेकला, खालून बाबांचा आवाज आला, "कस्तु?" मी ओरडून "ठीक आहे!" म्हटलं. लोकरीत आवाज मुरून जातो. त्यांना काही ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा तीच हाक मारली.

पाच टोप्या झाल्या. उरला गॅसच्या वरचा दिवा. त्याची टोपी बसवण्याआधी मला तो लावून बघायचा होता, म्हणजे सगळं झाकल्यावर पुन्हा उकरायला नको. ओरडून उपयोग नव्हता. झाकणापर्यंत रांगत जायचं त्राण नव्हतं. मी मास्क हनुवटीखाली सरकवला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावला.

खाली, माझ्या गुडघ्यांच्या बरोबर खाली, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन वाजला. दिव्याभोवतीच्या फटीतून त्याची रिंग वर आली. बाबांच्या सपातांचा आवाज. मी त्यांना फ्यूजबॉक्समधला दिव्यांचा स्विच आणि मग भिंतीवरचा दाबा इतकंच सांगणार होते.

त्यांनी फोन उचलला. "हॅलो."

"बाबा, मी."

"हं, कस्तु. पोचलीस?" त्यांचा आवाज दोनदा येत होता, एकदा कानात, एकदा फटीतून. "बरं. थांब, आईला दे..."

आणि ते थांबले.

मला त्यांचा श्वासही दोन जागी ऐकू येत होता. छातीतला घरघराट अजून गेला नव्हता. फटीतून मला ओट्याचा तुकडा दिसत होता, त्यावरची पालथी पातेली, आणि बाबांचं टक्कल. फोन त्यांनी कानापासून खाली घेतला होता आणि हातात धरला होता, जसा ते तो नेहमी आईकडे धरत. घ्यायला कुणी नव्हतं. ते तो तसाच धरून उभे होते.

किती वर्षं मी या वाक्यानंतर आईच्या आवाजाची वाट बघितली होती. तो आला की सुटल्यासारखं वाटायचं. त्यांनाही वाटत असणार.

आता ते फोन परत आकड्याला लावतील, हे मला दिसत होतं. मी पोटावर आडवी झाले, लोकरीत गाल टेकवला, तोंड त्या फटीपाशी नेलं.

"बाबा, ठेवू नका," मी म्हटलं. त्यांनी वर बघितलं, दिव्याकडे. "आईला नको. मला तुमच्याशीच बोलायचंय."